जुन्या वृत्तपत्रांतल्या डर्बी-स्वीप आणि औषधांच्या जाहिराती : कात्रणापासून पुराव्यापर्यंत

ब्रिटिश अमलातल्या वृत्तपत्रांचे अंक आता बऱ्यापैकी सहज पाहायला मिळतात. त्यांतल्या जाहिराती लेखांत, प्रबंधांत, गावाच्या इतिहासाच्या पुस्तकांत सर्रास छापल्या जातात. पण त्या वापरण्याची रीत बहुतेक वेळा चुकते. डर्बीच्या, म्हणजे इंग्लंडमधल्या प्रसिद्ध घोडाशर्यतीवरच्या, सोडतीचं (‘स्वीप’चं) एक कात्रण सापडतं, शेजारी धातुपौष्टिक गोळ्यांचं दुसरं, आणि त्यावरून थेट विधान केलं जातं : त्या काळी लोकांना जुगाराचं वेड होतं, लोक भोंदू औषधांना भुलत होते. एवढं मोठं विधान ते कात्रण पेलू शकत नाही. जाहिरात स्वतःहून इतकंच सांगते की अमुक तारखेच्या अंकात अमुक विक्रेत्याला जागा मिळाली. ती किती दिवस चालली, मजकूर कुठून आला, कायद्यात बसत होती का, किंमत किती होती, हे सगळं वेगळं शोधावं लागतं आणि ठरावीक क्रमानेच शोधावं लागतं.

सोडती आणि औषधं एकत्र घेण्याला कारण आहे. दोन्हींची विक्री टपालावर उभी होती. थोडे पैसे पाठवा, मोठा लाभ मिळवा, ही दोन्हींची मांडणी. आणि ‘औषधाच्या बारा डब्या घ्या, घड्याळ बक्षीस मिळवा’ अशा जाहिरातींत तर दोन्ही एकमेकांत मिसळतात. खालची पद्धत मुंबई इलाख्यातल्या मराठी-इंग्रजी पत्रांसाठी लिहिली आहे. इतर इलाख्यांसाठी टप्पे तेच राहतात, कायद्यांची यादी मात्र तिथली घ्यावी लागते.

## टप्पा १ : प्रश्न अरुंद करा

‘वसाहतकाळातल्या जाहिराती’ हा प्रश्न होत नाही. ‘१८९६ ते १८९९ या काळात पुण्याच्या एका साप्ताहिकात प्लेगवरच्या औषधांच्या जाहिराती वाढल्या का’, हा प्रश्न आहे. ‘१९३० नंतर मुंबईच्या इंग्रजी दैनिकांत परदेशी सोडतींचा उल्लेख बातमीत येतो की जाहिरातीत’, हाही आहे. एक पत्र, एक काळ, एक प्रकार, असं बांधून घ्या.

प्रश्नाआधी अंक चाळायला बसलात तर डोळा चटपटीत जाहिरातींवरच जातो. साध्या, चार ओळींच्या, वर्षानुवर्षं चाललेल्या जाहिराती सुटतात, आणि पुरावा म्हणून त्याच जास्त मोलाच्या असतात.

## टप्पा २ : तीन तक्ते आधी तयार ठेवा

### पैशांचा तक्ता

एक रुपया म्हणजे १६ आणे. एक आणा म्हणजे ४ पैसे किंवा १२ पै. म्हणजे रुपयात ६४ पैसे, १९२ पै. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ पासून आली, त्याआधीच्या कोणत्याही किमतीला ‘दीड रुपया म्हणजे १५० पैसे’ असा हिशेब लावू नका.

मराठी पत्रांत पाव, अर्धा, पाऊण रुपया उभ्या रेघांनी दाखवत. १। म्हणजे सव्वा रुपया, १॥ म्हणजे दीड, १॥। म्हणजे पावणेदोन. संगणकी अक्षरओळख या रेघांना पूर्णविराम समजते किंवा त्यांचे आकडे करते. त्यामुळे १॥ चा एकतर नुसता १ होतो किंवा ११. किमतींची सरासरी काढून मोठे निष्कर्ष मांडलेले लेख इथेच कोसळतात.

पौंडात किंमत आली तर वर्ष पाहिल्याशिवाय रुपये करू नका. १८९० च्या दशकाअखेर रुपयाचा दर १ शिलिंग ४ पेन्सवर स्थिरावला, तेव्हा पौंडाला १५ रुपये पडत. १९२७ मध्ये तो १ शिलिंग ६ पेन्स ठरला. म्हणजे १० रुपयांचं तिकीट पहिल्या दराने १३ शिलिंग ४ पेन्सचं, दुसऱ्या दराने १५ शिलिंगांचं. पहिल्या महायुद्धात आणि त्यानंतरची काही वर्षं दर इतका वरखाली झाला की त्या काळासाठी त्या-त्या महिन्याचा दर त्याच पत्राच्या व्यापारी पानावरून घ्यावा.

वजनांसाठी एक ओळ पुरे : तोळा म्हणजे १२ मासे, मासा म्हणजे ८ गुंजा.

### तारखांचा तक्ता

शके वर्षात ७८ मिळवले की इसवी सन येतो, पण चैत्र ते मार्गशीर्ष एवढ्यापुरताच हे बहुधा बरोबर. शके १८१९ चा माघ १८९८ च्या जानेवारी-फेब्रुवारीत पडतो, १८९७ मध्ये नाही. पौषाच्या अंकाला तर दरवेळी पंचांगच पाहावं. साथीच्या काळात दोन महिन्यांचा फरकही निष्कर्ष बदलतो.

सोडतींसाठी शर्यतींचं वेळापत्रक हवं. एप्सम डर्बी मेअखेर किंवा जूनच्या सुरुवातीला, ग्रँड नॅशनल त्या काळी साधारण मार्चअखेर, डॉनकास्टरची सेंट लेजर सप्टेंबरात, मेलबर्न कप नोव्हेंबरच्या पहिल्या मंगळवारी. दोन्ही महायुद्धांत डर्बी एप्समऐवजी न्यूमार्केटला धावली, तेव्हा नुसता ‘एप्सम’ शब्द शोधून ती वर्षं सापडणार नाहीत.

### कायद्यांचा तक्ता

हा तक्ता वगळला की पुढचं सगळं वाचन भरकटतं. म्हणून सविस्तर देतो.

सोडतींसाठी :

१. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला सरकारी आशीर्वादाच्या सोडती होत्या. कलकत्त्याचा टाउन हॉल १८१३ मध्ये सोडतीच्या पैशांतून उभा राहिला, आणि १८१७ ते १८३६ तिथल्या लॉटरी कमिटीने रस्ते-तळ्यांची कामं केली. त्या काळातली सोडतीची जाहिरात ही राजरोस, प्रतिष्ठित जाहिरात आहे.

२. १८४४ च्या पाचव्या कायद्याने खासगी सोडतींना बंदी आली.

३. १८७० मध्ये भारतीय दंड संहितेत कलम २९४-अ घालण्यात आलं. सरकारी मंजुरी नसलेल्या सोडतीसाठी कचेरी चालवणं हा गुन्हा झालाच, पण अशा सोडतीवर पैसे वा माल देण्याचा प्रस्ताव छापणाऱ्यालाही एक हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद झाली. वृत्तपत्राच्या प्रकाशकाला नेमकी ही दुसरी बाजू लागू पडते.

४. मुंबईचा जुगारबंदी कायदा १८८७ चा, शर्यतींच्या मैदानांना परवाने देणारा मुंबईचा कायदा १९१२ चा. हे दोन्ही मुख्यतः जागेबद्दल आहेत, छापील जाहिरातीबद्दल नाहीत.

५. आयर्लंडमध्ये १९३० च्या कायद्याने रुग्णालयांच्या मदतीसाठी सोडत सुरू झाली आणि तिची तिकिटं जगभर गेली. ब्रिटनने १९३४ च्या कायद्याने अशा सोडतींच्या प्रसिद्धीवर बंधनं घातली.

औषधांसाठी : मुंबईचा वैद्यकीय नोंदणी कायदा १९१२, विषांवरचा कायदा १९१९, घातक मादक द्रव्यांचा कायदा १९३०, वैद्य-हकिमांच्या नोंदणीचा मुंबईचा कायदा १९३८, औषध कायदा १९४०. जाहिरातीतल्या चमत्कारी दाव्यांनाच आळा घालणारा देशव्यापी कायदा मात्र १९५४ मध्ये, स्वातंत्र्यानंतर आला. म्हणून १९१० मधल्या औषधी जाहिरातीला ‘बेकायदेशीर’ म्हणण्याआधी कोणत्या कायद्याने, हे सांगता आलं पाहिजे.

सावधान : पत्र कुठे छापलं गेलं तेही तक्त्यात लिहा. गोव्यात पोर्तुगीज कायदा होता आणि संस्थानांत त्या-त्या दरबाराचा. कोल्हापूर किंवा बडोद्याच्या पत्राला ब्रिटिश हद्दीतला कायदा डोळे मिटून लावू नका.

## टप्पा ३ : अंक निवडा आणि काय नाही ते आधी लिहा

मुंबईत एशियाटिक सोसायटीचा संग्रह आणि तिचं ‘ग्रंथ संजीवनी’ हे डिजिटल दालन, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं राज्य अभिलेखागार, पुण्यात केसरीवाड्यातला संग्रह, ही सुरुवातीची ठिकाणं. सिंगापूरची जुनी पत्रं तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर आणि ऑस्ट्रेलियाची ‘ट्रोव्ह’वर विनामूल्य शोधता येतात. कलकत्ता-स्वीपच्या (कलकत्ता टर्फ क्लबच्या डर्बी-सोडतीच्या) बातम्या पडताळायला ती फार उपयोगी पडतात, कारण या सोडतीची तिकिटं समुद्रापारही विकली जात.

अंक मागवताना पुढचा क्रम पाळा.

१. एक वार आणि एक महिना निश्चित करा. साप्ताहिक असेल तर त्या महिन्यातले सगळे अंक, दैनिक असेल तर आठवड्यातला एकच वार. ‘केसरी’ साप्ताहिक असताना मंगळवारी निघे. अशा ठरलेल्या वारामुळे तारीख चुकली तर लगेच लक्षात येते.

२. सोडतींसाठी वरच्या वेळापत्रकाप्रमाणे शर्यतीच्या आधीचे सहा आठवडे आणि नंतरचे दोन. औषधांसाठी एक पावसाळी महिना आणि एक हिवाळी महिना दोन्ही हवेत. पावसाळ्यात पटकी, हगवण, हिवताप यांवरची औषधं पुढे येतात, थंडीत खोकल्याची आणि पौष्टिकं. एकाच ऋतूवरून वर्षाचं चित्र काढता येत नाही.

३. प्रत्येक अंकाची पानं मोजा. पहिलं आणि शेवटचं पान आहे का, पुरवणी आहे का, मासिक असेल तर मुखपृष्ठाबाहेरची रंगीत पानं शिल्लक आहेत का. बांधणी करताना जाहिरातींची पानं काढून टाकण्याची ग्रंथालयांची जुनी सवय होती. त्यामुळे बांधीव खंडात जाहिराती दिसत नाहीत म्हणजे त्या नव्हत्याच, असं म्हणता येत नाही.

४. एका दिवसाच्या एकाहून जास्त आवृत्त्या असत. शहर आवृत्तीतली जाहिरात डाक आवृत्तीत असेलच असं नाही. अंकावर आवृत्तीचं नाव असेल तर ते उतरवा.

तपासा : सरकारी भाषांतर खात्याची ‘रिपोर्ट ऑन नेटिव्ह पेपर्स’ ही साप्ताहिक टिपणं हाताशी असली तरी ती मूळ अंकाची जागा घेत नाहीत. त्यांत अग्रलेख, पत्रं आणि मतं यांचा सारांश आहे, जाहिराती नाहीत.

आणखी एक गोष्ट. एखाद्या पत्रात औषधाची जाहिरातच नसेल तर त्यामागे धोरण असू शकतं. गांधीजींनी ‘यंग इंडिया’ आणि ‘नवजीवन’ जाहिरातींशिवाय चालवली. तिथल्या कोऱ्या जागेवरून बाजाराबद्दल काहीच कळत नाही.

## टप्पा ४ : उतरवून घ्या, मगच विचार करा

फोटो काढून पुढे जाणं ही सर्वांत जास्त आढळणारी चूक आहे. नंतर पान कोणतं, स्तंभ कोणता, शेजारी काय होतं, काहीच आठवत नाही. प्रत्येक जाहिरातीसाठी एक नोंद करा आणि तीत हे असू द्या : पत्राचं नाव, गाव, तारीख, पान, स्तंभ, उंची, चित्र आहे का, पूर्ण मजकूर, किंमत जशी छापली तशी, टपाल हंशील वेगळं की आत धरलेलं, मालकाचं नाव, एजंटाचं नाव आणि पत्ता.

मजकूर जसाच्या तसा घ्या. ऱ्हस्व-दीर्घ सुधारू नका, उद्गारचिन्हं कमी करू नका, उभ्या रेघांचे आणे करून टाकू नका. रूपांतर वेगळ्या रकान्यात करा.

शोधयंत्रावर विसंबणाऱ्यांसाठी : जुन्या देवनागरी टाइपातली जोडाक्षरं अक्षरओळखीला नीट वाचता येत नाहीत, आणि इंग्रजी पत्रांत अरुंद स्तंभामुळे औषधाचं नाव दोन ओळींत तुटतं. शिवाय अनेक डिजिटल संग्रहांत जाहिरातींचं अख्खं पान एकच ‘जाहिरात’ म्हणून नोंदलेलं असतं. त्यामुळे शोधात आलेली संख्या ही जाहिरातींची संख्या नव्हे. निवडलेले अंक पानोपान डोळ्यांनीच पाहावे लागतात, त्याला पर्याय नाही. शोध वापरायचाच तर औषधाच्या नावापेक्षा एजंटाच्या पत्त्याने शोधून पाहा, तो बहुधा छोट्या साध्या टाइपात असतो आणि अधिक नीट ओळखला जातो.

तपासा : पहिल्या दहा नोंदी झाल्यावर थांबा. दुसऱ्या कुणाला त्या वाचून मूळ पान सापडतं का ते पाहा. नाही सापडलं तर नोंदीचा नमुना आत्ताच बदला.

## टप्पा ५ : ही खरंच सोडत आहे का

‘स्वीपस्टेक्स’ शब्द दिसला की जुगाराची सोडत समजली जाते. शर्यतींच्या कार्यक्रमात या शब्दाचा अर्थ वेगळाच आहे. तिथे घोड्यांचे मालक प्रत्येकी ठरावीक रक्कम भरतात, क्लब त्यात भर घालतो आणि ती रक्कम जिंकणाऱ्या घोड्याच्या मालकाला जाते. ‘शंभर रुपये प्रत्येकी, पाचशेची भर’ असा मजकूर असेल तर तो शर्यतीचा तपशील आहे, सामान्य माणसाने घ्यायच्या तिकिटाचा नव्हे. पुणे आणि महालक्ष्मीच्या शर्यतींच्या बातम्यांत हे सतत येतं. असे सगळे उल्लेख आधी बाजूला काढा.

उरलेल्यांना तीन प्रश्न विचारा. भाग घ्यायला पैसे लागतात का? निकाल दैवावर आहे का? बक्षीस आहे का? तिन्हींना हो असेल तरच ती सोडत. मग तिचा प्रकार लिहा.

क्लबची स्वीप. तिकिटांचे आकडे एका पिंपात, घोड्यांची नावं दुसऱ्यात. ज्याच्या आकड्यासमोर घोडा निघाला त्यालाच पुढची आशा. पहिल्या तीन घोड्यांना मोठे वाटे, इतर धावलेल्या घोड्यांच्या धारकांत उरलेला भाग. कलकत्ता टर्फ क्लबची डर्बी-स्वीप यांत सर्वांत प्रसिद्ध. ती नावापुरती सभासद आणि त्यांच्या स्नेह्यांसाठी होती, प्रत्यक्षात तिकिटं दूरदूर पोचत. या रचनेमुळे तिची तिकीटविक्रीची उघड जाहिरात शोधत बसणं व्यर्थ आहे. तिचा माग बातम्यांत लागतो : सोडत निघाल्याची तार, घोडा लागलेल्याने अर्धा वाटा विकल्याची बातमी, निकालानंतर विजेत्याची माहिती. जाहिराती मोजून ‘या स्वीपला इथे प्रतिसाद नव्हता’ असं लिहिणारे इथेच फसतात. तारखेसाठी एक खूण : क्लबच्या नावामागे ‘रॉयल’ १९१२ पासून लागलं.

परदेशी सोडत. आयर्लंडची रुग्णालय सोडत, किंवा जॉर्ज अ‍ॅडम्सने १८८१ मध्ये सिडनीत सुरू केलेली आणि पुढे होबार्टला गेलेली ‘टॅटरसाल्स’. हे शेवटचं नाव लंडनच्या घोडे-लिलाववाल्यांचंही आहे, तेव्हा नुसत्या नावावरून वर्गवारी करू नका.

शब्दकोडी आणि बक्षीसस्पर्धा. १९३० नंतर यांचा पूर आला. प्रवेशफी असते, बक्षीस मोठं असतं, पण चालवणारे ते कौशल्य असल्याचं सांगतात. हा वाद पुढे १९४८ च्या मुंबईच्या कायद्यापर्यंत आणि तिथून सर्वोच्च न्यायालयाच्या १९५७ च्या निकालापर्यंत गेला. तुमच्या नोंदीत त्यांना वेगळा वर्ग द्या, सोडतींत मिसळू नका.

मालासोबतची भेट. प्रत्येक खरेदीदाराला घड्याळ मिळत असेल तर त्यात दैव नाही, ती विक्रीची युक्ती झाली. डबीतल्या कूपनांतून चिठ्ठी काढून एकालाच घड्याळ मिळणार असेल तर ती सोडत. दोन्हींची भाषा सारखीच असते, म्हणून लहान टाइपातला नियम वाचल्याशिवाय वर्ग ठरवू नका.

घोड्यांच्या ‘खात्रीच्या टिपा’ विकणाऱ्यांच्या जाहिराती यांपैकी कशातच बसत नाहीत. त्यांचा रकाना वेगळा.

सावधान : १८७० नंतरच्या ब्रिटिश हद्दीतल्या पत्रात परक्या सोडतीची उघड जाहिरात दिसली तर ती महत्त्वाची नोंद आहे. प्रकाशकाने दंडाचा धोका पत्करला, की सोडतीला मंजुरी होती, की मजकूर बातमीच्या रूपात दिला, यांपैकी काय झालं ते शोधा. पुढच्या काही अंकांत ती अचानक थांबली का, तेही पाहा.

## टप्पा ६ : औषधाची जाहिरात खालून वर वाचा

ठळक मथळा सगळ्यांच्याच लक्षात राहतो, पण तो विलायतेत किंवा दूरच्या शहरात लिहिलेला असू शकतो. परदेशी कंपन्या छपाईचे तयार ठसे पाठवत आणि तेच चित्र, तीच मांडणी अनेक देशांतल्या पत्रांत छापली जाई. इथली माहिती बहुधा शेवटच्या दोन ओळींत असते : एजंट कोण, मुंबईत कुठे मिळेल, किंमत काय, व्ही.पी.ने (माल हाती येताना टपालवाल्याला पैसे देण्याच्या सोयीने) पाठवतात का. म्हणून वाचन तिथून सुरू करा.

१. एजंट. केम्प, ट्रेचर यांच्यासारखी मोठी औषधविक्री घरं आहेत, की काळबादेवीवरचा किरकोळ व्यापारी, की केवळ टपालपेटी? मोठ्या घरांचं गिऱ्हाईक आणि टपालपेटीचं गिऱ्हाईक एक नव्हतं.

२. विक्रीची रीत. व्ही.पी.ची सोय हिंदुस्थानात १८७७ मध्ये आली. तिचा उल्लेख असलेलं कात्रण त्याआधीचं असू शकत नाही. तारीख नसलेल्या कात्रणांसाठी ही उपयोगी खूण आहे. व्ही.पी.मुळे जामनगरच्या आतंकनिग्रह गोळ्या किंवा मथुरेचं सुधासिंधू दूरदूरच्या गिऱ्हाइकापर्यंत पोचू शकलं, त्याला गावात दुकान लागलं नाही.

३. मालक. औषधाचा मालक आणि पत्राचा मालक एकच आहे का? काशीनाथुनी नागेश्वरराव यांनी १८९३ मध्ये मुंबईत अमृतांजन सुरू केलं आणि १९०८ मध्ये मुंबईतूनच ‘आंध्र पत्रिका’ काढली. अशा पत्रातल्या जाहिरातीची संख्या मागणीची खूण मानता येत नाही, कारण ती जागा घरचीच असते.

४. ‘रजिस्टर्ड’. या शब्दाला वाचक सरकारी मान्यता समजतात. १९४० च्या कायद्याआधी हिंदुस्थानात व्यापारचिन्हांची नोंदणी करणारी व्यवस्थाच नव्हती. व्यापारी आपल्या चिन्हाचं घोषणापत्र दस्तऐवज म्हणून दुय्यम निबंधकाकडे नोंदवत आणि डबीवर ‘रजिस्टर्ड’ छापत. त्याचा औषधाच्या गुणाशी संबंध नव्हता. नावामागच्या वैद्यकीय पदव्यांचंही तसंच, त्या नोंदणीच्या यादीत पडताळल्याशिवाय खऱ्या धरू नका.

५. रोगांची नावं. पटकी म्हणजे कॉलरा, ग्रंथिक सन्निपात म्हणजे प्लेग, परमा आणि गरमी म्हणजे गुप्तरोग, इथपर्यंत ठीक. पण ‘धातुक्षय’, ‘अशक्तता’, ‘मेंदूची दुर्बळता’ यांना आजचं निदान चिकटवू नका. जाहिरातीतला शब्द अवतरणात तसाच ठेवा.

६. घटक. जाहिरातीत ते क्वचितच असतात. ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने १९०९ आणि १९१२ मध्ये ब्रिटनमधल्या गुप्त औषधांची पृथक्करणं प्रसिद्ध केली. त्यांत बीचमच्या गोळ्यांमध्ये कोरफडीचा बोळ, सुंठ आणि साबण निघाला. विलायती औषध असेल तर हा आधार आधी पाहा. देशी औषधांसाठी सरकारने १९३० मध्ये रा. ना. चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या चौकशी समितीचा अहवाल बाजाराची स्थिती समजायला उपयोगी आहे.

७. प्रशस्तिपत्रं. सगळी खोटी, असं गृहीत धरणं हीसुद्धा चूकच. क्लोरोडाइन या विलायती औषधात अफूचा अर्क, क्लोरोफॉर्म आणि भांगेचा अर्क होता. अफूने हगवण थांबते आणि वेदना कमी होते. ते घेऊन बरं वाटलेल्या माणसाने मनापासून पत्र लिहिलं असू शकतं, आणि तरीही पटकी बरी करण्याचा दावा चुकीचाच राहतो. म्हणून प्रशस्तिपत्रातून दोन गोष्टी वेगळ्या काढा : रुग्णाने काय जाणवलं म्हणून सांगितलं, आणि विक्रेत्याने त्यावरून काय दावा केला. लिहिणाऱ्याचा हुद्दा आणि गाव नोंदवा. स्टेशनमास्तर, शाळामास्तर, मामलेदार कचेरीतले कारकून अशी नावं पुन्हापुन्हा येत असतील तर विक्रेता कोणाकडे बघत होता ते कळतं.

सावधान : काही प्रशस्तिपत्रं बातमीच्या टाइपात, बातम्यांच्याच स्तंभात येतात. विल्यम्सच्या पिंक पिल्सच्या जाहिराती आजाऱ्याची गोष्ट सांगत सुरू होतात आणि औषधाचं नाव शेवटी येतं. चटका लावणारी आरोग्यविषयक ‘बातमी’ दिसली की शेवटची ओळ आधी वाचा.

सावधान : या जाहिरातींतली किंवा जुन्या औषधी पुस्तकांतली कृती करून पाहू नका, वाचकांना ‘आजीबाईचा बटवा’ म्हणून देऊही नका. पारा, सोमल, अफू ही त्या काळच्या औषधांत सर्रास वापरली जाणारी द्रव्यं आहेत.

## टप्पा ७ : मजकुराचं वय आणि जाहिरातीचं वय वेगळं काढा

क्लोरोडाइनचंच उदाहरण घ्या. कॉलिस ब्राउन विरुद्ध फ्रीमन या खटल्यात १८६४ मध्ये न्यायाधीश पेज वुड यांनी ब्राउनच्या, म्हणजे हे औषध काढणाऱ्याच्या, बाजूने उद्गार काढले. ते उद्गार ‘टाइम्स, १३ जुलै १८६४’ या उल्लेखासह पुढे कित्येक दशकं त्या औषधाच्या जाहिरातीत छापले गेले. कात्रणाची कड कापलेली असेल आणि त्यात हीच एक तारीख दिसत असेल, तर १८९० मधली जाहिरात सरळ १८६४ ची ठरते. असं होताना मी वारंवार पाहतो.

उलट बाजूही सांभाळा. जुन्याच ठशात एखादी नवी ओळ घुसवलेली असते. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत प्लेग जाहीर झाल्यावर, किंवा १९१८ च्या इन्फ्लुएंझात, आधीपासून चालू असलेल्या तापाच्या गोळीखाली साथीचं नाव वाढवलेलं आहे का ते पाहा. तसं असेल तर ते ‘साथीसाठी निघालेलं औषध’ नव्हे. साथीच्या आधीचे सहा महिने आणि नंतरचे सहा महिने, त्याच औषधाची जाहिरात ओळीने लावा. कोणती ओळ केव्हा आली, केव्हा गेली, हे स्वच्छ दिसतं.

तपासा : प्रत्येक महत्त्वाच्या जाहिरातीसाठी चार तारखा हव्यात : मजकुरात आलेली सर्वांत उशिराची घटना, तुम्ही पाहिलेली पहिली छपाई, शेवटची छपाई, आणि मधले न मिळालेले अंक.

## टप्पा ८ : आकडे मांडा, पण भाजकासकट

‘अनेक जाहिराती आढळल्या’ हे वाक्य काढून टाका. किती अंक पाहिले, त्यांतले किती अपूर्ण होते, किती अंकांत ही जाहिरात होती, एवढं लिहा. एकच जाहिरात वर्षभर आली तर ती एक जाहिरात आणि बावन्न प्रकाशनं. दोन्ही आकडे वेगळे द्या, कारण वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं त्यांतून मिळतात.

जागेवरून खर्चाचा अंदाज बांधताना पत्राचा छापील दर शोधा, पण वर्षाच्या करारावर सूट मिळे हे विसरू नका. दर न सापडल्यास नुसती स्तंभ-इंचांत जागा द्या आणि पुढे जाऊ नका.

किंमत महाग की स्वस्त हे त्याच अंकातल्या दुसऱ्या किमतीशी ताडून ठरवा. पत्राची वार्षिक वर्गणी त्याच पानावर असते. डोंगऱ्यांच्या बालामृताची बाटली किंवा सोडतीचं तिकीट हे वर्गणीच्या किती पट, असं सांगितलं तर वाचकाला अर्थ लागतो. आजच्या रुपयात रूपांतर करून दिलेले आकडे टाळा, त्यांत गृहीतकं फार असतात.

## टप्पा ९ : लिहिताना

विधान आणि पुरावा यांची जोडी जुळते का, हे वाक्यागणिक पाहा. ‘विक्रेत्याने तीन वर्षं सतत जागा घेतली’ हे जाहिरातींवरून म्हणता येतं. ‘औषधाला मागणी होती’ यासाठी एजंटांची वाढती यादी, नक्कल करणाऱ्यांवरचे खटले, ‘बनावट मालापासून सावध राहा’ असे इशारे लागतात. ‘लोकांचा विश्वास होता’ यासाठी रोजनिशी, पत्रव्यवहार, आत्मचरित्र असं काही हवं. सोडतींतही तेच : जाहिरात किंवा बातमी असणं, तिकिटं विकली जाणं आणि इथल्या माणसाने ती घेणं या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत.

ज्यांची नावं प्रशस्तिपत्रांत रोगासकट छापली गेली, त्यांचे वंशज आज त्याच गावात असू शकतात. गुप्तरोग, वंध्यत्व, वेड अशा जाहिरातींत नाव गाळून हुद्दा आणि तालुका तेवढा द्या. अभ्यासाचं त्यात काही अडत नाही.

चित्र छापताना कात्रण कापून घेऊ नका, शेजारच्या स्तंभासकट द्या. चित्राखालच्या ओळीचा क्रम असा ठेवा : पत्राचं नाव, गाव, आवृत्ती, तारीख (शके असेल तर दोन्ही), पान, स्तंभ, मूळ उंची, संग्रहाचं नाव, आणि चित्र पूर्ण आहे की छाटलेलं. मूळ नोंदींची फाइल लेखाबरोबरच ग्रंथालयाकडे किंवा खुल्या संग्रहात ठेवा, किमतीचा मूळ रकाना आणि रूपांतराचा रकाना दोन्ही तसेच राहू द्या, आणि फाइलच्या पहिल्याच ओळीत न पाहिलेल्या अंकांची यादी द्या.